मार्गसचा तह आणि पाच वह्या

नाना कुबल एकटेच आले. लवू घाडीला पहिला धक्का बसला तो याचाच.

मुलुंडहून घाटकोपरपर्यंत रिक्षा, मग पंतनगरातला अरुंद जिना, त्याच्या बावीस पायऱ्या. हातात पांढरी काठी. वय एकोणऐंशी. डोळ्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. दारात थांबून त्यांनी विचारलं, "घाडी आहे का रे इथे? एक्क्याऐंशीची बॅच, तिसरा बाक, जांभया देणारा?"

लवू खुर्ची मागे लोटून उठला. "मास्तर! तुमी?"

परळच्या रात्रशाळेत नाना इतिहास शिकवायचे. दिवसभर गिरणीत साच्यावर उभा राहिलेला लवू त्यांच्या तासाला झोपायचा आणि नाना त्याला झोपू द्यायचे. पुढे गिरणी गेली, पोस्टातली नोकरी आली आणि संपलीही. आता एकसष्टीत तो नीलम अहिरेच्या तपास कार्यालयात बसायचा. फोन घ्यायचा, चहा सांगायचा आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

नीलमने नानांना बसवलं. तिने दहा वर्षं एका विमा कंपनीसाठी दावे तपासले होते. माणसं खोटं का बोलतात यापेक्षा केव्हा बोलतात, इकडे तिचं लक्ष असायचं.

"काय हरवलंय, नाना?"

"पाच वह्या चोरीला गेल्यात. पण मी त्यासाठी आलो नाही. त्यातलं सगळं माझ्या डोक्यात आहे. मला मुलगी परत हवी."

त्यांनी क्रमाने सांगितलं. वीस वर्षं ते एक पुस्तक लिहीत होते. रोमच्या पूर्वेकडच्या साम्राज्याने हूणांशी केलेले तह, हा विषय.

"हूण म्हणजे आपल्याकडे आले ते?" लवूने विचारलं.

"त्यांचे भाऊबंद असतील-नसतील. विद्वान अजून भांडतात. माझे हूण डॅन्यूब नदीकाठचे. अट्टिलाचे."

डोळे गेल्यावर नाना तोंडी सांगायचे आणि चेतना साळवे लिहून घ्यायची. चोवीस वर्षांची मुलगी, घाटकोपरची. सकाळी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी, संध्याकाळी नानांकडे. दिवसा घरी नाना एकटेच, म्हणून तिच्याकडे घराची किल्ली. मागच्या बुधवारी शेवटचं प्रकरण संपलं. पाच वह्या झाल्या. चेतना मावसबहिणीच्या लग्नाला नाशिकला गेली. मंगळवारी परत आली, तर कप्पा रिकामा.

"सून म्हणाली, किल्ली हिच्याकडे, म्हणजे हिनेच नेल्या. जिन्यात उभी राहून म्हणाली. चार घरं ऐकत होती. मग मला म्हणाली, एकतर ही या घरात येणार नाही, नाहीतर मी पोलिसांत जाते. मी म्हटलं, बरं, नको येऊ दे." नाना थांबले. "घरात शांतता हवी होती मला."

नानांनी काठी मांडीवर आडवी ठेवली.

"मार्गस नावाच्या गावाबाहेर रोमचे वकील आणि हूण तहाला भेटले. हूण घोड्यावरून उतरेनात. मग रोमनही उतरले नाहीत. खाली उभं राहून, मान वर करून बोलायचं तर तो तह नसतो, अर्ज असतो. इथपर्यंत ते शहाणे होते. मग त्यांनी एक कलम मान्य केलं. हूणांकडून पळून आमच्या आश्रयाला आलेली माणसं आम्ही परत देऊ. दिली. त्यात राजघराण्यातली दोन पोरं होती. हूणांनी त्यांना रोमच्याच हद्दीत सुळावर चढवलं. वीस वर्षं मी त्या वकिलांना नावं ठेवतोय, आणि परवा मी तेच केलं."

नीलमने वही उघडली. "घरी कोण कोण येतं?"

"सून माधुरी, बँकेत आहे. मुलगा सर्वेश दोह्याला. रविवारी सिद्धेश येतो, तो वह्या नेऊन टाईप करतो. गुरुवारी देवदत्त नाबर. आमच्याच शाळेत इंग्रजी शिकवायचा. चाळीस वर्षांची दोस्ती. मला इंग्रजी पुस्तकं वाचून दाखवतो, वर्तमानपत्रांतली कात्रणं कापतो. वाचणं आणि कात्रीचा आवाज, असा माझा गुरुवार. कापून झालं की कचराही स्वतः बाल्कनीत टाकून येतो. शिस्तीचा माणूस. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून मी लिफ्टपर्यंत जातो. दोघांचा तेवढाच व्यायाम."

"गेल्या गुरुवारी आले होते?"

"एक गुरुवार चुकवत नाही तो."

---

चेतना लॅबच्या मागच्या बाकावर डबा खात होती. नीलमचं नाव ऐकून तिने डबा बंद केला.

"मी चोर नाही हे मी कितीदा सांगू? आईने विचारलं, आता जात का नाहीस, तर तिला सांगितलं की पुस्तक संपलं."

"ते मी विचारतच नाहीये. वह्या ठेवायची पद्धत सांग मला."

चेतनाने जरा वेळ तिच्याकडे पाहिलं, मग सांगू लागली. "वही भरली की सिद्धेशदादा नेतो. टाईप करून आणतो. मी नानांना वाचून दाखवते. पास झालं की वहीच्या पुठ्ठ्याचा वरचा कोपरा कात्रीने तिरका कापते. नाना बोट फिरवून ओळखतात. कोपरा आहे ती जिवंत वही, नाही ती मेलेली. मेलेल्या वह्या बाल्कनीतल्या रद्दीच्या पिशवीत जातात. घर केवढंसं, ठेवणार कुठे?"

"कापलेले तुकडे?"

"दोऱ्यात ओवते. नानांच्या उशाशी सुपारीचा जुना डबा आहे ना, त्यात. त्यांना ते मोजायला आवडतं."

"या खेपेला किती मेल्या?"

"चौदा."

"आणि शेवटच्या पाच?"

"त्या टाईपलाच गेल्या नव्हत्या. फोटो काढून ठेवायला हवे होते, पण लग्नाची घाई होती."

"त्यात प्रकरणाशिवाय आणखी काही?"

चेतना डब्याच्या झाकणावर नख ओढत राहिली. "शेवटच्या वहीत सगळ्यात शेवटी पुस्तकाच्या नावाचं पान आहे. लेखक नाना कुबल आणि चेतना साळवे. मी नको म्हटलं होतं. नाना म्हणाले, डोळे तुझे, हात तुझा, मग नाव माझ्या एकट्याचं कसं?"

"कोणाला माहीत आहे हे?"

"कोणालाच नाही. वही उघडून बघितली तरच."

---

मुलुंड पूर्वेच्या त्या इमारतीत नानांची खोली बाल्कनीला लागून होती. खाट, कपाट, उशाशी डबा. खाटेजवळ एक बुटकं स्टूल.

"ती इथे बसते," नाना म्हणाले. "बसायची."

माधुरीने रजा टाकली होती आणि ती वाया चालली आहे हे तिच्या तोंडावर दिसत होतं. "माझं तिच्याशी वैर नाही. पण किल्ली तिच्याकडे. घरात दिवसभर बाबा, ज्यांना दिसत नाही. तुम्हीच सांगा, दुसरं कोण?"

"गेल्या पंधरा दिवसांत घरातून कागद बाहेर गेले?"

"रविवारी रद्दी दिली. तीन महिन्यांनी एकदा देते. वर्तमानपत्रं आणि बाबांच्या झालेल्या वह्या. पण फक्त कोपरा कापलेल्या हं! एकेक वही बघून दिली मी. एकोणीस."

"मोजल्या होत्या?"

"कॅशियर आहे मी. हात आपोआप मोजतात."

नीलमने नानांची परवानगी घेऊन डबा उघडला. आत दोऱ्यांचे सर होते, प्रत्येकात पुठ्ठ्याचे त्रिकोण. शेवटचा सर तिने लवूच्या हातात दिला.

"मोजा, लवूकाका."

लवूने मोजले. "चौदा."

रद्दीचं दुकान इमारतीच्या कोपऱ्यावरच होतं. दुकानदाराने आठवून सांगितलं, "त्या दिवशी गल्ल्यावर पुतण्या होता. सोमवारी सकाळी कोणीतरी आलं, त्या गठ्ठ्यातल्या चार-पाच वह्या घेऊन गेलं. मास्तरांच्या आहेत, चुकून आल्यात, पोचवतो त्यांना, असं म्हणालं म्हणे."

"कोण?"

"ते पुतण्यालाच ठाऊक. तो गेलाय गावी, त्याचा फोनही लागत नाही. शनिवारी येईल."

नीलम फुटपाथवर नुसती उभी राहिली. लवूला वाटलं, आता ती धावत कुठेतरी जाणार. ती परत वर गेली.

"नाना, चोरीला गेलेल्या वह्यांत काय होतं, ते मला सांगाल?"

नाना सावरून बसले. लवूला एकदम रात्रशाळेतला पिवळा दिवा आठवला. या वेळी मात्र त्याला झोप आली नाही.

"रोमच्या दरबाराने तहाच्या बोलण्यांसाठी शिष्टमंडळ पाठवलं. त्याच्या आडून अट्टिलाचा खून करायचा कट होता. प्रमुखाला त्याचा पत्ता नव्हता. दुभाषा विजिलास मात्र कटात होता. अट्टिलाच्या एका सरदाराला फोडायचं ठरलं, आणि त्या सरदाराने सगळं अट्टिलाला सांगून टाकलं. विजिलास लाचेचं सोनं आणायला परत गेला. आता बघ हं, अट्टिलाने काय केलं. नुसतं सोन्यासकट पकडलं असतं, तर विजिलास म्हणाला असता, सोनं कैदी सोडवायला आणलंय, घोडे घ्यायला आणलंय. म्हणून अट्टिलाने आधीच हुकूम काढला. आपसातला तंटा मिटेपर्यंत कोणाही रोमनाने इथे अन्नाखेरीज काहीही विकत घ्यायचं नाही. कोणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. विजिलास थैल्या घेऊन परत आला, तेव्हा त्याच्याकडे सांगायला एकही कारण उरलं नव्हतं."

"आधी पळवाट बुजवली," नीलम म्हणाली.

"आणि मग दार ठोठावलं."

निघताना नीलमने माधुरीला विचारलं, "त्या पाच वह्या गेल्या रविवारपासून आजपर्यंत कुठेही दिसल्या? दुकानात, कोणाच्या हातात, कोणाच्या घरी? कोणाकडून काही कानावर आलं?"

"दिसल्या असत्या तर मी गप्प बसले असते का?"

खाली उतरता उतरता नीलमने चेतनाला फोन लावला आणि शब्दाला शब्द तोच प्रश्न विचारला. लवूला हसू आलं. "काय गो बाय, चोराक विचारतंस, चोरी खंय ठेवलंस?"

"विचारून ठेवते," ती म्हणाली.

---

सिद्धेश तोडणकरचं दुकान कांजूरमार्गला होतं. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लग्नपत्रिकांचे नमुने.

"मॅडम, जरा डोकं चालवा ना. गेल्या रविवारी पत्रिकांच्या गर्दीत मला जमलं नाही, पण या रविवारी त्या वह्या मलाच मिळणार होत्या. माझ्याच बॅगेत भरून नेणार होतो. चोरू कशाला? उलट माझीच वाट लागली. सगळं पुस्तक सेट करून ठेवलंय, शेवटचं प्रकरण नाही."

"चेतनाबद्दल काय वाटतं?"

"ती? एकदा मी एक ओळ गाळली, तर परत घाटकोपरवरून इथे आली भांडायला. ती चोरणार?" तो हसला. "आणि नाना डबा खुळखुळवून विचारतात, सिद्ध्या, किती झाल्या? तुकडा न् तुकडा पाठ आहे त्यांना. त्यांच्याकडे हिशोब चुकत नाय."

त्यालाही तो प्रश्न विचारला. त्याचंही उत्तर नाही असंच आलं.

रिक्षात लवूने निकाल दिला. "ह्योच. लय हसता. वह्या दाबून ठेवल्यान आणि उद्या स्वतःच्या नावान छापतलो."

"लग्नपत्रिका छापणारा रोमवर पुस्तक छापेल, लवूकाका?"

"मगे कोण? चेतना?"

नीलम मुलुंड पश्चिमेला उतरली.

देवदत्त नाबरांचं घर त्यांच्या इस्त्रीच्या सदऱ्यासारखं होतं. टेबलावर वर्तमानपत्रांची चवड, त्यावर एक छोटी कात्री. त्यांनी स्वतः चहा केला आणि लवूलाही 'आपण' म्हणाले. लवूला गृहस्थ फार आवडले.

"ही कल्पना मुळात माझी," ते म्हणाले. "दोन हजार तीन साली. नानाचं इंग्रजी बेताचं. मी वाचून अर्थ सांगायचो, तो मराठीत मांडायचा. पुढे त्याचे डोळे गेले आणि ती मुलगी आली. मग मी गुरुवारपुरता उरलो." ते हसले. "तक्रार नाही. पुस्तक होणं महत्त्वाचं."

"टायपिंग, तपासणी, त्यात तुम्ही असता?"

"ते रविवारचं काम. मला त्यातलं काही ठाऊक नाही. हात हलवत जातो, हात हलवत येतो. खिशात ही कात्री तेवढी."

"नानांच्या उशाशी तो डबा कसला हो?"

"सुपारीचा. डॉक्टरांनी बंद केली तरी सोडत नाही. हट्टी आहे."

"आणि चेतना?"

नाबरांनी कप बशीत नीट मधोमध ठेवला. "मुलगी वाईट नसावी. पण परिस्थिती माणसाकडून काय करवून घेईल, सांगता येत नाही."

नीलमने तोच प्रश्न विचारला. त्या वह्या रविवारपासून आजपर्यंत कुठे दिसल्या? दुकानात, कोणाच्या हातात, कोणाच्या घरी?

"छे," नाबर म्हणाले. "दिसल्या असत्या तर मी धावत नानाकडे नेल्या नसत्या का?"

"लिहून घेते," नीलम म्हणाली. आणि तिने खरंच लिहून घेतलं.

---

रविवारी दुपारी चार वाजता नानांच्या खोलीत सगळे जमले. नाना खाटेवर, नाबर खिडकीपाशी खुर्चीत, सिद्धेश दाराला टेकून, माधुरी कपाटाजवळ. चेतना उंबऱ्याच्या बाहेरच थांबली होती. आत ये असं तिला अजून कोणी म्हटलं नव्हतं.

नीलमने सुरुवात केली. "वह्या घरातून चोराने नेल्याच नाहीत. माधुरीताईंनी नेल्या."

"मी?"

"तुमच्या नकळत. रद्दीत तुम्ही एकोणीस वह्या दिल्या, सगळ्या कोपरा कापलेल्या. चेतना म्हणते, पास झालेल्या चौदा. तिचा शब्द मानू नका, डब्यातला सर माना. त्यात चौदाच त्रिकोण आहेत. म्हणजे पाच वह्यांचे कोपरे दुसऱ्याच कोणीतरी कापले आणि त्या पिशवीत सारल्या. घरातल्या सगळ्यात काटेकोर माणसाने त्या स्वतःच्या हाताने बाहेर दिल्या."

माधुरीने कपाटाला हात टेकला. "मी बोट फिरवून बघितलं होतं."

"म्हणूनच ही युक्ती चालली. आता प्रश्न असा, की ही युक्ती कोणाला लागते? चेतना रोज पिशवी घेऊन येते-जाते, तिला लागत नाही. सिद्धेश वह्या बॅगेत भरून नेतो, त्याला लागत नाही. ताईंना नष्टच करायच्या असत्या, तर एखाद्या सकाळी कचऱ्यात टाकून बँकेत गेल्या असत्या. कोपरे कापायची गरज अशाच माणसाला, जो या घरातून एक कागदही उचलून नेऊ शकत नाही. रिकाम्या हाताने येतो, कचरा टाकताना बाल्कनीतल्या कोपरा कापलेल्या वह्या बघतो, रिकाम्या हाताने जातो, आणि लिफ्टपर्यंत ज्याच्या खांद्यावर नानांचा हात असतो."

लवूने हळूच खिडकीकडे पाहिलं. नाबर ताठ बसले होते.

"दुसरं. डब्यात मोजदाद असते, हे चेतनाला, सिद्धेशला, ताईंना माहीत होतं. त्यांच्यापैकी कोणी असतं, तर पाच जास्त होऊ दिल्या नसत्या. जुन्यांतल्या पाच काढून चौदाचा मेळ ठेवला असता. तो डबा ज्याला सुपारीचाच वाटतो, त्याला ही काळजी नव्हती. तिसरं. नाना, चेतना नाशिकला होती त्या गुरुवारी कात्री चालत होती?"

"चालत होती," नाना सावकाश म्हणाले. "नेहमीपेक्षा जड. मी विचारलं, आज पुठ्ठा कापतोस की काय? तर म्हणाला, जाड पुरवणी आहे. मग कचरा टाकायला बाल्कनीत गेला."

"देवदत्तकाका," नीलम म्हणाली, "रद्दीवाल्याचा पुतण्या काल गावाहून आलाय. खाली दुकानात बसलाय."

नाबरांनी घसा साफ केला. आवाज स्थिर होता. "त्याला बोलवायची गरज नाही. सोमवारी मी दुकानावरून जात होतो, नानाच्या वह्या दिसल्या. रद्दीतून वाचवल्या मी त्या. परत देणारच होतो. यात गुन्हा काय?"

"काही नाही," नीलम म्हणाली. "अगदी चांगलं कारण आहे. परवा मी तुमच्या घरी बसून नेमकं तेच विचारलं. वह्या कुठे दिसल्या का? तुम्ही छे म्हणालात. म्हणालात, दिसल्या असत्या तर धावत नेल्या नसत्या का? माझ्या वहीत आहे."



"विजिलास," नाना पुटपुटले.

ही गोष्ट नाबरांनीच कधीतरी नानांना पहिल्यांदा इंग्रजीतून वाचून दाखवली असणार, हे लवूच्या उशिरा लक्षात आलं. नाबरांच्या मात्र तत्क्षणी लक्षात आलं होतं. ते खुर्चीत खचले.

"तू आत तोंड धुवायला गेला होतास," ते नानांना म्हणाले. बाकी कोणी खोलीत नसल्यासारखे. "शेवटची वही सहज उघडली. शेवटचं पान. तुझं नाव आणि तिचं नाव. वीस वर्षं, नाना! पहिली पाच वर्षं तर प्रत्येक ओळ माझ्या तोंडून तुझ्या कानात गेली. मी नाव मागितलं नसतं. पण तू मला विचारलंसुद्धा नाहीस."

"मग रद्दीतून परत का आणल्यास?"

"रविवारी रात्रभर झोप लागली नाही. लगद्यात जातील म्हणून. सोमवारी उजाडताच गेलो. वाटलं, गुरुवारी गुपचूप कप्प्यात ठेवीन. मंगळवारी इथे आरडाओरडा झाला. मग ठेवल्या असत्या तर विचारलं असतं, कुठून आल्या." त्यांनी चेतनाकडे पाहायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "हिच्यावर आलं, आणि मी ते येऊ दिलं. वह्या घरी आहेत. दुकानाची सुतळीही सोडलेली नाही."



"प्रस्तावना सांगायची राहिलीय अजून," नाना म्हणाले. "तुझं नाव तिथे येणार होतं. पण विचारलं नाही, हे खरं आहे. ते देणं माझ्याकडे लागतं. तिच्याशी जे केलंस ते माझ्याकडे लागत नाही. ते तिच्याशी बोल."

नाबर उठले. उंबऱ्यापाशी चेतनासमोर थांबले, काहीतरी म्हणाले. ते इतकं हळू होतं की लवूला ऐकू आलं नाही. चेतनाने मान हलवली नाही, नजरही वळवली नाही. "आधी वह्या आणा," ती म्हणाली. सिद्धेश त्यांच्याबरोबर खाली गेला.

खिडकीपाशी छोटी कात्री पडली होती.

"मास्तर, नाबरांची कात्री रवली."

"राहू दे," नाना म्हणाले. "कधीतरी न्यायला येईल." मग थोड्या वेळाने, "नाहीतर गुरुवारी लागेल."

माधुरीने डोळे पुसले, काय करावं न कळून सवयीने ते बुटकं स्टूल खाटेजवळ ओढलं. "ये गं चेतना. बस."

चेतना आत आली, पण बसली नाही. स्टूल घासल्याचा आवाज नानांनी ऐकला, त्यानंतरची शांतताही ऐकली.

"माधुरी, ते बाल्कनीत ठेव. जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या आण. दोन्ही सारख्या."

खुर्च्या आल्या. काठी चाचपत नाना खाटेवरून उतरले. लवू पुढे झाला तेव्हा त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. ते एका खुर्चीत बसले. चेतना समोरच्या खुर्चीत बसली. दोघांचे गुडघे एका पातळीवर आले.

"मी तुला देऊन टाकलं," नाना म्हणाले. "शांततेसाठी. खोटं वाटत असूनही. आता नवा तह करू. पहिलं कलम तू सांग, आम्ही ऐकतो."

चेतनाने घाई केली नाही. नीलम वही मिटून भिंतीला टेकली होती.

"वहिनी मला चोर म्हणाल्या ते जिन्यात," चेतना म्हणाली. "चार दारं उघडी होती. परत घ्यायचं तेही जिन्यात. दारं उघडी असताना."

नाना माधुरीच्या दिशेने वळले.

माधुरीने ओढणी सारखी केली आणि ती खोलीबाहेर गेली. मुख्य दाराची कडी निघाली. तिच्या चपला जिन्यात वाजल्या, थांबल्या.

शेजारच्या दाराची बेल वाजली.